पेठांचं त्रिमिती मॉडेल सगळ्यांनी मिळून करताना: तुकडे करायच्या आधी सांधे ठरवूया

वाकडा_बोळ
नमस्कार मंडळी. भेटीत ठरलं त्याप्रमाणे धागा काढतोय. पुण्यातल्या कसबा, शनिवार आणि शुक्रवार पेठेचं १८९० च्या आसपासचं शहर आपल्याला ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचंय, सगळ्यांनी मिळून, आणि एकेक घर वेगळं कोरत बसलो तर एक आळीसुद्धा पुरी व्हायची नाही, म्हणून तुकड्यांचा एक संच करायचा, भिंत, खिडकी, दार, खांब, जिना, छपराचं पाखं (उतरतं अंग) वगैरे, आणि त्यातून घरं जुळवायची. इथपर्यंत कुणाचं दुमत नाहीये.

पण सगळ्यांनी एकदम खिडक्याच करायला घेतल्यात. सुंदर झाल्यात, त्या महिरपी बघून मला खरंच भरून आलं. तरी एकाची खिडकी १.२ मीटरच्या भिंतीत आहे, दुसरीची १.८ च्या, एकाचा पिव्हट (तुकडा ज्या बिंदूवरून बसतो आणि फिरतो तो) मधोमध, दुसरीचा खाली डाव्या कोपऱ्यात, कुणी स्केल अप्लाय केलंय (म्हणजे ताणलेलं माप तुकड्यात कायम केलंय), कुणी नाही. हे शेजारीशेजारी बसणार नाहीत. तुकडा दिसतो कसा ते नंतर कधीही सुधारता येतं, पण तो शेजारच्याला चिकटतो कुठे हे बदललं की त्याच्यावर जुळवलेली सगळी घरं हलतात. म्हणून माझी विनंती अशी की आधी सांधे पक्के करू आणि तोवर नवीन नक्षीकाम थांबवू.

माझा प्रस्ताव लिहितो, हवा तसा कापा. एकक मीटर. आडवं माप १.५ मीटर, त्याचा अर्धा ०.७५. उभी मापं सगळी पाव मीटरच्या पटीत: जोतं ०.७५, तळमजला ३, माडी २.५. पिव्हट नेहमी खाली, डावीकडे, भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावर, आणि भिंतीची जाडी आतल्या बाजूला वाढवायची, म्हणजे कुणी नऊइंची भिंत केली काय किंवा दोन फुटी केली काय, बाहेरची रेषा हलत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रिड शहराला लावायचा नाही, घराला लावायचा. प्रत्येक घर आपापल्या कोनात फिरलेलं असेल, त्याच्या आत सगळं काटकोनात.

मुठाकाठ
शहराला एकच ग्रिड लावला तर काम खूपच सोपं होईल ना पण? स्नॅप (तुकडा आपोआप ग्रिडला चिकटणं) चालू केलं की कुणीही कुठूनही जोडू शकेल, नवीन माणसाला शिकवायलासुद्धा सोपं. घराघराला वेगळा कोन म्हणजे गोंधळ होईल असं वाटतंय.

नकाशावाली
@मुठाकाठ, तांबट आळीतून एकदा चालत जा आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या रेषा बघ. सलग दोन घरं एका रेषेत मिळणं कठीण. एकच ग्रिड लावला तर ती आळी सरळ करावी लागेल, आणि मग तांबट आळी म्हणून जे ओळखू येतं तेच जाईल. घराला ग्रिड, याला माझा पाठिंबा.

आता माझ्या बाजूचा एक मुद्दा, जो सुरुवातीलाच ठरवला नाही तर फार त्रास होतो. आपण पायाभूत नकाशा यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) झोन ४३ उत्तर मध्ये आणतो, पुणे त्यातच येतं. त्यात पुण्याचा उत्तरेकडचा आकडा वीस लाख मीटरच्या वर जातो. ब्लेंडर आणि बहुतेक गेम इंजिनं जागेचा आकडा ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्यांची पायरी (लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर) साडेबारा सेंटीमीटरची होते. म्हणजे पाव मीटरवर नीट बसवलेलं दारसुद्धा थरथरताना दिसेल आणि खिडकीचं नक्षीकाम तर विस्कटूनच जाईल. यावर उपाय म्हणजे आपला शून्यबिंदू शहरातच घ्यायचा. मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा उंबरठा सुचवते, सगळ्यांना माहीत आहे आणि तो हलणार नाहीये. मूळ यूटीएम आकडे एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवू, परत जोडायला लागलं तर.

ओपनस्ट्रीटमॅपवरचे इमारतींचे फूटप्रिंट (जमिनीवरचे आराखडे) घ्यायला हरकत नाही, ओडीबीएल लायसन्स आहे, श्रेय द्यायचं आणि त्यावरून केलेला डेटाबेस प्रसिद्ध केला तर तोही त्याच अटींवर. पण ते आजचे आहेत. जुन्या बोळांची वळणं समजायला उपयोगी, रुंदीकरण झालेल्या रस्त्यांना अजिबात वापरू नका. आणि कृपा करून कुणीही गूगलच्या थ्रीडी दृश्यावरून इमारती गिरवू नका, त्यांच्या अटींमध्ये ते बसत नाही आणि पुढे आपला सगळा संच अडकेल.

सागवानी
चर्चा वाचून आनंद झाला. मी नोकरीत असताना बरेच जुने वाडे मोजून नकाशे काढलेत, त्यावरून थोडं सांगतो, तरुण मंडळींना उपयोग होईल.

तुम्ही जे १.५ मीटर धरलंय ते वाड्याच्या रचनेला धरूनच आहे. वाडा खणावर उभा असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि सोपा तीनखणी की पाचखणी यावर घराचा आवाका कळतो. सुतार आधी खांबांच्या जागा ठरवणार, मग खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि भिंत नंतर त्या सांगाड्यात भरली जाणार. म्हणून माझी सूचना अशी की तुमच्या संचात खांब हा पहिला तुकडा असू द्या, भिंत दुसरा. खांब ग्रिडच्या छेदावर उभा करा, खाली दगडी तळखडा, वर हात (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), त्याच्यावर तुळई. मग भिंत, खिडकी, कोनाडा, कपाट, जे काय असेल ते दोन खांबांच्या मध्ये बसवायचं. चौकाच्या बाजूने बघाल तर सांधा आपोआप खांबामागे जातो, वेगळा लपवावा लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. सगळ्या वाड्यांत खण एकाच मापाचा नसतो, घराच्या ऐपतीप्रमाणे आणि मिळालेल्या लाकडाप्रमाणे कमीजास्त होतो. तुमचं १.५ हे संचाचं माप आहे, ते इतिहासाचं म्हणून कुठे छापू नका.

वाकडा_बोळ
काका, मनापासून आभार. खांब पहिला, हे लगेच प्रस्तावात घालतो. आणि वर्णनाच्या पानावर ठळक लिहू की मापं संचाच्या सोयीची आहेत.

पिक्सेलगौरी
मी गेमसाठी एन्व्हायर्नमेंट आर्ट करते, मला चौकापेक्षा रस्त्याच्या बाजूची जास्त काळजी वाटतेय. चौकात खांब उघडे दिसतात म्हणून सांधा झाकला जातो हे काकांचं अगदी बरोबर, पण रस्त्याकडची भिंत बहुतेक ठिकाणी चुन्याच्या गिलाव्याखाली असते, खांब आत गाडलेले. तिथे दर दीड मीटरला उभी रेघ दिसली तर सगळं शहर पुठ्ठ्याचं वाटेल.

त्यासाठी तीन गोष्टी. एक, सांध्यावरच्या कडेचे नॉर्मल (पृष्ठ कुठे बघतं ती दिशा) दोन्ही तुकड्यांत सरळ बाहेर बघणारे हवेत, कुणीही त्या कडेला बेव्हल मारायचा (कड तासायची) नाही. दोन, गिलाव्याचं टेक्स्चर (पृष्ठावर चढवलेलं चित्र) बरोबर १.५ मीटरला एकदा फिरायला हवं, १०२४ पिक्सेलचं घेतलं तर मीटरला साधारण ६८३ पिक्सेल पडतात, तेवढे पुरे आहेत, आणि लाकूड, दगड, वीट या सगळ्यांना हीच घनता ठेवा, नाहीतर दार धूसर आणि शेजारची भिंत एकदम कोरीव असं होतं. ब्लेंडरमधलं ऑब्जेक्टच्या जागेवर चालणारं प्रोसीजरल (सूत्राने होणारं) शेडिंग खूप मोह घालतं, पण ते जीएलटीएफमधून (मॉडेल दुसरीकडे नेण्याचा फाइल प्रकार) बाहेर जात नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. तीन, एकच टेक्स्चर दर खणाला फिरलं की डोळ्याला लगेच कळतं, म्हणून वरून ओल, काजळी, पावसाचे ओघळ हे व्हर्टेक्स कलरने (मॉडेलच्या बिंदूंना दिलेल्या रंगाने) रंगवायचे, घर जुळवून झाल्यावर, अख्ख्या भिंतीवर. फक्त एक, ज्या भिंती अशा रंगवाल त्या इन्स्टन्स (एकाच मूळ तुकड्याच्या हलक्या प्रती) राहत नाहीत, म्हणून रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीच रंगवा, आतल्या नकोत.

आणि तुकडे फार बारीकही नकोत. उंबरठा वेगळा, चौकट वेगळी, कडी वेगळी, कोयंडा वेगळा असं केलं तर एका आळीत हजारो ऑब्जेक्ट होतात आणि ब्राउझरमध्ये उघडल्यावर मशीन बसतं. एक खण, एक मजला, एक तुकडा. दार त्याच्या भिंतीसकट. दिंडी दरवाजा दोन खणांचा एकच तुकडा करा, आतली दिंडी उघडायची असेल तर तेवढंच पान वेगळं.

मुठाकाठ
ग्रिडचं पटलं मला. पण मग वाकड्या प्लॉटचं काय? समजा घराची रुंदी ७.१ मीटर आहे, ती १.५ ने भागत नाही. ताणायचं का तुकड्यांना?

वाकडा_बोळ
ताणायचं नाही, कधीच नाही, ताणलं की महिरप चपटी होते आणि टेक्स्चरची घनता बिघडते. ७.१ मध्ये साडेचार खण बसतात, म्हणजे ६.७५. उरले ३५ सेंटीमीटर. ते दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींत वाटून टाकायचे, साडेसतरा इकडे, साडेसतरा तिकडे. घराला घर लागलेलं असल्यामुळे ती जाडी बाहेरून दिसतच नाही.

सागवानी
प्रत्यक्षातही असंच करायचे. प्लॉट कितीही तिरका असो, चौक काटकोनात धरायचे आणि वाकडेपणा कडेच्या खोल्यांत, भिंतींच्या जाडीत जिरवायचे. रस्ता तिरका जात असेल तर पुढचा ओटा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता दिसेल. तुम्ही ओटा आणि जोतं हे संचात न घेता प्रत्येक घरासाठी वेगळं काढा, दगडाचा साधा ठोकळा तर आहे, आणि त्याने बोळाची रेषा बरोबर पकडली जाईल.

नकाशावाली
हे फारच छान. म्हणजे बोळाची वळणं माझ्याकडून रेषा म्हणून येतील, त्यावरून जोतं आणि ओटा काढायचा आणि त्याच्या वरती संच.

कौलारू
छपराकडे कुणी वळलंच नाही अजून, म्हणून मी लिहितो. मला कौलं फार प्रिय आहेत आणि पेठेचं वरून दिसणारं रूप म्हणजे कौलंच.

पहिलं म्हणजे उतार एकच ठेवा. दोन वेगळ्या उतारांची पाखं कोपऱ्यात भेटली की कोनवासा (कोपऱ्यातला तिरका वासा) पंचेचाळीस अंशात पडत नाही आणि मग प्रत्येक जोडीसाठी वेगळा कोपरा करावा लागतो. एका खणाला ०.७५ चढ धरा, म्हणजे साधारण साडेसव्वीस अंश, वाड्याला शोभतो आणि उभ्या मापातही बसतो. यात एक अडचण आहे, अर्ध्या खणाला चढ ३७.५ सेंटीमीटर होतो, तो पाव मीटरवर बसत नाही. त्यामुळे अर्धा खण फक्त आढ्याच्या दिशेने वापरायचा, उताराच्या दिशेने नाही. घराची खोली नेहमी पूर्ण खणांत ठेवा. तीन खण खोल असेल तर आढं मधोमध न घेता खांबांच्या ओळीवर घ्या, एक पाखं दोन खणांचं आणि दुसरं एका खणाचं होईल, लांब पाखं चौकाकडे घेतलं तरी चालेल.

कोपरे दोन लागतात, बाहेरचा कोनवाश्याचा आणि चौकातला आतला, जिथे दोन पाखांचं पाणी एकत्र येऊन पन्हळीत उतरतं. आतला सगळे विसरतात आणि वाड्यात तर तोच चार वेळा लागतो. वळचण भिंतीच्या बाहेर अर्धा मीटर तरी येऊ द्या, पुण्याचा पाऊस झेलायचाय त्या चुन्याला.

दुसरं कौलांच्या काळाबद्दल. मंगलोरी कौल आपण सगळीकडे बघतो म्हणून सरसकट तेच लावलं जाईल. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे पेशवाईतल्या देखाव्यात ते बसतच नाही. आपलं वर्ष १८९० आहे, तेव्हा दोन्ही असायला हवीत, जुन्या घरांवर कुंभाराची देशी नळीची कौलं आणि नव्या किंवा दुरुस्त केलेल्या छपरांवर मंगलोरी. आकार, चढ, सांधे सगळं तेच ठेवून फक्त पृष्ठभाग बदलायचा. हाच संच उद्या कुणाला १७९० साठी वापरायचा असेल तर मंगलोरी वगळलं की झालं.

पिक्सेलगौरी
@कौलारू, कमाल लिहिलंयस. एकच विनंती, कौलं सुटी सुटी मॉडेल करू नकोस. जवळच्या एलओडीला (तपशिलाच्या पातळीला) फक्त वळचणीची पहिली ओळ खरी, बाकी नॉर्मल मॅप (उंचसखलपणा भासवणारं चित्र). दूरच्याला सपाट पाखं.

रेघांची_वही
एलओडीचा विषय निघाला म्हणून सांगतो, शहरांच्या मॉडेलसाठी सिटीजीएमएल नावाचं प्रमाण आहे, त्यातल्या पायऱ्या आपल्याला कामाच्या आहेत. एलओडी १ म्हणजे नुसता ठोकळा, २ ला छपराचा आकार येतो, ३ ला दारंखिडक्या. (गेमवाल्यांचा एलओडी आकडा उलटा चालतो, शून्य म्हणजे सगळ्यात बारीक, त्यामुळे बोलताना कुठला ते सांगत जा.) माझी सूचना अशी की तिन्ही पेठा आधी ठोकळ्यांत उभ्या करायच्या, अख्ख्या. मग छपरं. मग ज्याला जी आळी घ्यायचीय त्याने ती संचातल्या तुकड्यांनी भरायची. असं केलं तर कुणी मध्येच थांबलं तरी शहराला भोक पडत नाही, तिथे ठोकळा उभा असतो.

वाकडा_बोळ
हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक नोकऱ्या, परीक्षा सांभाळून करणार, कुणी थांबलं तर त्याच्यावर ओझं नको आणि शहरही अर्धवट दिसायला नको.

आता संचात न बसणाऱ्या इमारतींचं बोलू. शनिवारवाडा १८२८ च्या आगीनंतरचा दाखवायचा, म्हणजे तट, बुरूज आणि दरवाजे. विश्रामबागवाडा १८०७ चा, त्याचं लाकडी दर्शन आणि ते सुरूच्या आकाराचे खांब हे स्वतंत्रच करावं लागेल. मंडई १८८६ ची, तेव्हाचं रे मार्केट, अष्टकोनी मधला भाग आणि त्यातून बाहेर निघालेल्या बाजू, दगडी बांधकाम, आपल्या खणाशी तिचा काही संबंध नाही. या तिन्हींना संचाचे नियम लावायचे नाहीत, फक्त शून्यबिंदू, एकक आणि टेक्स्चरची घनता पाळायची. लाकडी आणि दगडी कोरीवकाम असलेली देवळंही यातच.

आणि १९२३ चा नवा पूल आपल्या वर्षात नाहीये, कुणीतरी हौसेने करायला घेतलाय असं दिसलं, तो फार चांगला झालाय, जपून ठेव, पुढच्या काळाच्या थरात वापरू.

मुठाकाठ
दिल्ली दरवाजा मी घेऊ का? एकेका पानावर नऊ गुणिले आठ असे ७२ अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. एक खिळा करून अ‍ॅरे मॉडिफायर लावतो, त्याने रांगेत प्रती होतात.

वाकडा_बोळ
घे. शून्यबिंदू तिथेच आहे, तेव्हा उंबरठ्याची उंची नकाशावालीकडून घेऊन मगच बसव.

रेघांची_वही
फाइलींचं कुणी बोललं नाही. ब्लेंड फाइल बायनरी असते, दोघांनी एकाच वेळी बदलली तर गिटला (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ती जुळवता येत नाही, कुणातरी एकाचं काम जातं. म्हणून एका तुकड्याला एक फाइल आणि एका फाइलीला एक जबाबदार माणूस. गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) लावू, त्यात फाइल लॉक करता येते. घराच्या फाइलीत तुकडे अपेंड (नक्कल) करायचे नाहीत, लिंक करायचे, म्हणजे मूळ खिडकी सुधारली की सगळ्या घरांत सुधारते. ब्लेंडर ३.० पासून अ‍ॅसेट ब्राउझर आहेच, तुकडे तिथे मार्क केले की ओढून टाकता येतात.

नावं अशी ठेवू: प्रकार, साहित्य, खण, मजला, प्रत. उदाहरणार्थ भिंत_गिलावा_१_माडी_क. प्रत्यक्ष फाइलीला हीच नावं रोमन लिपीत द्या, वेगवेगळ्या संगणकांवर काही देवनागरी अक्षरं वेगळ्या पद्धतीने साठवली जाऊ शकतात आणि लिंक तुटू शकतात.

आणि एक कडक नियम मागतो. एकदा तुकडा संचात आला की त्याचा पिव्हट आणि बाहेरची मापं गोठली. बदलायचीच असतील तर नवीन नावाने नवीन तुकडा, जुना तसाच राहणार.

सागवानी
शेवटच्या नियमाला माझं पूर्ण अनुमोदन. मोजमापाच्या कामातही जुना नकाशा खोडायचा नसतो, नवा काढायचा.

माझी अजून एक इच्छा आहे. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. नंतर उरलेले एकेक करून पाडले जातायत. तेव्हा जे आज उभे आहेत त्यांचे खांब, हात, कोनाडे, मालकांची परवानगी घेऊन, मोजून घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत लिहा की हा कशावर आधारलेला आहे आणि किती अंदाजाने केलाय. मोजलेला, फोटोवरून, किंवा कल्पनेने, एवढे तीन शिक्के पुरेत. पुढे कुणी अभ्यासाला वापरलं तर त्याला कळायला हवं.

नकाशावाली
काका, हे शिक्के आपण कस्टम प्रॉपर्टी म्हणून तुकड्यातच टाकू, जीएलटीएफ काढताना तो पर्याय चालू केला की त्याबरोबर जातात. मग शहरात शिक्क्यांप्रमाणे रंग लावून बघता येईल की कुठलं मोजलेलं आहे आणि कुठलं अंदाजाचं. नोंदीत राहणाऱ्या कुटुंबांची नावं मात्र नको, दारावरच्या पाट्यासुद्धा कोऱ्याच ठेवू.

पिक्सेलगौरी
लायसन्स? मी सीसी बाय म्हणते. श्रेय मिळतं आणि शाळा, कॉलेज, गेम करणारे सगळे वापरू शकतात.

कौलारू
सीसी बाय ला हो.

सागवानी
माझीही हरकत नाही.

वाकडा_बोळ
मग ठरलं असं धरतो. आधीच्या खिडक्या फुकट जाणार नाहीत, ज्यांनी केल्यात त्यांनी १.५ च्या भिंतीत बसवून पिव्हट हलवून परत टाका, महिरप आहे तशीच राहू दे.

पहिली फेरी फक्त तांबट आळीसाठी, आणि संचात एवढंच: खांब, तुळई, कोरी भिंत एक खण आणि अर्धा खण, खिडकीची भिंत, दुकानाची फळ्यांची भिंत, दिंडी दरवाजा, जिना, पाखं, वळचण, दोन्ही कोपरे. सगळं करड्या रंगात, टेक्स्चरशिवाय. यातून चार घरं लागोपाठ उभी राहिली आणि मध्ये फट दिसली नाही तरच पुढे नक्षी. खांब आणि हात काका मापं देतील त्यावरून मी करतो. छपराचं सगळं कौलारूकडे. भिंती पिक्सेलगौरी. रेपो (फाइलींचा सामाईक साठा) आणि लॉकिंग रेघांची_वही. जिना आणि दुकानाची भिंत अजून मोकळ्या आहेत.

चौकातली_तुळस
आत्तापर्यंत नुसती वाचत होते. दुकानाची भिंत मी घेते. आमच्या ओळखीच्या एका घरात जुन्या फळ्यांचं दुकान अजून आहे, खोबणीत एकेक फळी सरकवून बंद करतात, फळ्यांवर क्रमांक कोरलेत. मालकांना विचारून ठेवलंय, शनिवारी टेप घेऊन जाते. फळ्या सुट्या ठेवू का एकच तुकडा?

पिक्सेलगौरी
बंद दुकान एक तुकडा, उघडं दुकान दुसरा तुकडा, दोन्हींचा पिव्हट आणि मापं तीच. खोबणीची खोली नक्की मोज, उजेडात तिथेच सावली पडते.